ब्रिटनशी करार झाला म्हणतात, आपल्या द्राक्षाला नक्की काय मिळणार?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची साडेचार एकर द्राक्षबाग आहे, बहुतेक थॉमसन आणि थोडी क्रिमसन जातीची. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सही झाली तेव्हापासून आमच्या गावात चहाच्या टपरीवर हा एकच विषय चाललाय. आमचे चुलते म्हणतात आता लंडनला ड्युटी झीरो, यंदा एक्स्पोर्टला किलोमागे दहा रुपये जास्ती मिळणार म्हणजे मिळणार, आणि त्या जोरावर त्यांनी एक एकराच्या प्लास्टिक कव्हरचं कोटेशन पण मागवून ठेवलंय. मला हे एवढं सरळ वाटत नाही, पण त्यांच्यासमोर बोलायला माझ्याकडे मुद्दा नाही.

अजून एक. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं तेच मुळी "आमचे करार आम्ही करू" असं म्हणून ना? मतदान झालं जून २०१६ ला, आणि आपल्याशी सही झाली २०२५ ला. नऊ वर्षं! करार करायला एवढा वेळ लागतो का? आणि बाहेर पडून त्यांना खरंच चांगला भाव मिळाला का, का आत होते तेच बरं होतं?

राजकारण नको, कोणाचं सरकार भारी ते नको, बाजाराची भाषा बोला. ऑक्टोबर छाटणीच्या आधी डोक्यातला गोंधळ मिटला तर बरं होईल.

पॅकहाऊसवाला

भाऊ, चुलत्यांना सांग कोटेशन येऊ द्या, ऑर्डर जरा थांबवा. मी पिंपळगावकडे एका पॅकहाऊसला एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो, हा तेरावा सीझन.

आधी नऊ वर्षांचं सांगतो. ब्रिटन १९७३ पासून युरोपच्या गटात होतं. गटात असलं की बाहेरच्या देशाशी ड्युटीचं बोलणं एकट्याने करता येत नाही, सगळ्यांच्या वतीने ब्रसेल्सवाले, म्हणजे युनियनचं मुख्यालय, बोलतात आणि बाहेरून येणाऱ्या मालाला सगळीकडे एकच ड्युटी लागते. आपण सोसायटीतून माल देतो तसंच की, पाचशे जणांचा माल, बोलणारा एक, ठरलेला भाव तुला पटो न पटो. ब्रिटनला ते पटेना. मतदान ५२ विरुद्ध ४८ असं काठावरचं. प्रत्यक्ष बाहेर पडले ३१ जानेवारी २०२० ला, तरी पुढचे अकरा महिने जुनेच नियम चालू होते, म्हणजे चूल खरी वेगळी झाली १ जानेवारी २०२१ ला. तुझ्या नऊ वर्षांतली निम्मी वाटणीच्या भांडणातच गेली बघ. आणि गंमत अशी की इतकी वर्षं स्वतः सौदा केलेलाच नव्हता, त्यामुळे सौदा करणारी माणसंच घरात उरली नव्हती. २०१७ ला त्यांनी वाटाघाटींचे मुख्य सल्लागार म्हणून क्रॉफर्ड फाल्कनर यांना आणलं, ते मूळचे न्यूझीलंडचे. पुढे करार कोणाशी केला तर न्यूझीलंडशी :)

आता भावाचं. तू बागायतदार आहेस, तुला एका वाक्यात कळेल. फेब्रुवारी संपत आलाय, माल तयार आहे, ब्रिक्स (मण्यातली गोडी) १८ च्या वर गेलीय आणि पावसाचा अंदाज आलाय. अशा वेळी बांधावर आलेला व्यापारी आधी आभाळाकडे बघतो आणि मग घडाकडे. ब्रिटनचं तेच झालं. घरच्या मतदारांना दाखवायचं होतं की बघा होतात की नाही करार, आणि हे समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं. ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२१ ला सही केली, न्यूझीलंडशी फेब्रुवारी २०२२ ला. बीफ आणि मेंढीच्या मटणाला टप्प्याटप्प्याने का होईना दार पूर्ण उघडून दिलं, तिथले पशुपालक बोंबलत राहिले. एवढं देऊन मिळालं काय तर ब्रिटन सरकारचाच अंदाज होता की ऑस्ट्रेलियाच्या करारामुळे अर्थव्यवस्था लांबच्या पल्ल्यात ०.०८ टक्के वाढेल. शून्य पॉइंट शून्य आठ. करार झाला तेव्हा शेतीखातं सांभाळणारे मंत्री जॉर्ज युस्टिस नोव्हेंबर २०२२ मध्ये संसदेत उठून म्हणाले की हा करार खरं तर ब्रिटनसाठी काही फार चांगला नव्हता. तेव्हा ते मंत्री राहिलेले नव्हते हे सांगायला नको, खुर्ची गेल्यावर खरं बोलायची रीत सगळीकडे सारखीच दिसते.

आपल्याशी बोलणी सुरू झाली जानेवारी २०२२ ला. एप्रिलमध्ये बोरिस जॉन्सन दिल्लीला आले आणि जाहीर बोलून गेले की दिवाळीपर्यंत उरकायचं. सौद्याला बसायच्या आधीच "मला अमुक तारखेच्या आत माल काढायचाय" असं सांगणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. दिवाळी येईपर्यंत जॉन्सन गेले, लिझ ट्रस आल्या आणि त्याही गेल्या, आणि ऐन दिवाळीच्या दिवशी २४ ऑक्टोबरला ऋषी सुनक पक्षाचे नेते झाले. करार काही नाही. आपल्या लोकांना घाई नव्हती, ते बसून राहिले. मग २०२५ ला ट्रम्पने सगळ्या जगावर टॅरिफ लावायला घेतल्यावर दोघांनाही घाई झाली आणि ६ मेला ठरलं म्हणून जाहीर केलं, ८ मेला ब्रिटनने अमेरिकेशी पण एक छोटा करार उरकला. तर भाऊ, घाई कोणाला जास्त आहे त्यावर भाव ठरतो, मोठा देश लहान देश हे नंतरचं.

आता द्राक्ष. चुलत्यांचा हिशोब इथे चुकतो. आपल्याबरोबर तिथल्या शेल्फवर माल कोणाचा असतो? दक्षिण आफ्रिका, चिली, पेरू, थोडा पुढे इजिप्त. या सगळ्यांचे युरोपशी आधीपासून करार होते आणि ब्रिटनने बाहेर पडताना ते जसेच्या तसे उतरवून घेतले, चिलीशी तर जानेवारी २०१९ लाच सही केली, अजून बाहेर पडलेही नव्हते. म्हणजे ते लोक बिनड्युटीचे आधीपासून जातायत आणि आपणच ड्युटी भरून त्यांच्याशी भिडत होतो. आता आपली गेली की आपण त्यांच्या बरोबरीला येणार, पुढे नाही जाणार. आणि वाचलेली ड्युटी आधी इंपोर्टरच्या खिशात दिसते, मग सुपरमार्केटवाला म्हणतो मला रेट कमी कर, मग उरलं तर एक्स्पोर्टर, आणि रांगेत शेवटी आपला बागायतदार. दहा रुपये कुठून आणलेत चुलत्यांनी?

आणि सही झाली म्हणजे लागू झाला असं नाही, त्यांच्या संसदेतून मंजुरी पण लागते. छाटणीचा निर्णय काडी बघून घ्या, करार बघून नको. यंदा मे महिन्यापासून जो पाऊस लागलाय त्यात काडीत घड किती धरलाय ते आधी तपासून घ्या राव.

मिसळवाला सीबीएस

एवढं सगळं वाचून मला एकच कळलं, स्कॉच स्वस्त होणार 😀 १५० टक्के ड्युटी होती ती लगेच ७५ आणि दहा वर्षांत ४० होणार म्हणे. नाशिकच्या वाइनचं काय मग? आमचा मेव्हणा वाइन द्राक्ष लावतो तो टेन्शनमध्ये आहे.

पॅकहाऊसवाला

@मिसळवाला मेव्हण्याला सांग वाइनला या करारात सवलत दिलेली नाही, तसंच दूध-चीज आणि सफरचंद पण बाहेर ठेवलंय. व्हिस्की आणि जिन आहे. वाइनवाल्यांना बघायचंच असेल तर २०२२ चा ऑस्ट्रेलियाचा करार बघावा, त्यात महागड्या बाटल्यांची ड्युटी दरवर्षी थोडी थोडी उतरतेय. एमआरपीवर जास्त उड्या मारू नको, राज्याची एक्साइज तिथेच आहे.

लेस्टरकर मूळ सिडकोची

मी नाशिकचीच, सिडकोत वाढले, बारा वर्षं झाली लेस्टरला आहे. सार्वमत झालं तेव्हा मी इथेच होते म्हणून लिहिते.

इथे लोकांना सांगितलं होतं की करार करणं एकदम सोपं आहे. २०१७ मध्ये तेव्हाचे व्यापारमंत्री लियाम फॉक्स म्हणाले होते की युरोपशी करार हा मानवी इतिहासातल्या सगळ्यात सोप्या करारांपैकी एक असायला हवा. झाला ३० डिसेंबर २०२० ला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी. त्यात ड्युटी शून्य आहे, कोटाही नाही, पण कागद इतके वाढले की माझ्या ऑफिसशेजारी एक छोटा चीजवाला होता तो फ्रान्सला पार्सलं पाठवायचा त्याने ते बंदच केलं, प्रत्येक खेपेला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला कोण आणणार आणि त्याचे पैसे चीजच्या किमतीएवढे. ड्युटी शून्य आणि धंदा पण शून्य. इथल्या सरकारचीच बजेट तपासणारी ओबीआर म्हणून संस्था आहे, ती सांगते की युरोप सोडल्यामुळे देशाची उत्पादकता लांबच्या पल्ल्यात ४ टक्क्यांनी कमी राहील. त्याच्यासमोर ऑस्ट्रेलियाचे ते ०.०८ ठेवा. भारताच्या कराराचा त्यांचा स्वतःचा अंदाज वर्षाला ४.८ अब्ज पौंड आहे, म्हणजे सगळ्यांत मोठा नवीन करार आपलाच, तरी टक्क्यांत मोजला तर ०.१३.

चीजवरून आठवलं, कॅनडाशी बोलणी चीज आणि बीफवरूनच जानेवारी २०२४ मध्ये थांबली. गटात असताना हे सगळं दुसरं कोणीतरी भांडून आणत होतं, कोणाला माहीतही नव्हतं.

द्राक्षाचं मात्र मला दुकानातलं सांगता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे इंडियाचा माल दिसतो, बिनबियांचा हिरवा, ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये (प्लास्टिकच्या डबीत). मी मुद्दाम उचलून लेबल बघते आणि नवऱ्याला दाखवते, हे बघ आमच्याकडचं. शेजारी पेरूचा नाहीतर आफ्रिकेचा माल असतो, मणी मोठा, कडक, आणि त्यावर व्हरायटीचं नाव मोठ्या अक्षरात. इथले गिऱ्हाईक हल्ली व्हरायटी बघून घेतं. तुमच्या थॉमसनची चव चांगली आहे हो पण ती सगळ्यांकडे आहे.

अजून एक, हे कदाचित पॅकहाऊसवाले दादा जास्त चांगलं सांगतील. पूर्वी रॉटरडॅमला उतरलेला माल गरज पडली की इकडे वळवता यायचा, सगळं एकच घर होतं. आता युरोपात ड्युटी भरून सोडवलेला भारतीय माल इकडे आणला तर तो "युरोपचा माल" धरत नाहीत, परत ड्युटी लागू शकते असं आमच्या ओळखीतल्या एका फळांच्या व्यापाऱ्याकडून ऐकलंय.

पॅकहाऊसवाला

ताई बरोबर ऐकलंय तुम्ही. नेदरलँड्सला क्लिअर झाला की तो तिथेच अडकला, पुढे यूकेला हलवायचा तर पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर ट्रान्झिटचे कागद आधीच करून ठेवायला लागतात. २०२१ च्या सीझनला आमच्या दोन कंटेनरचं असंच झालं होतं, तिकडच्या एजंटने (नाव घेत नाही) सगळं एकाच कागदावर क्लिअर करून टाकलं आणि मग फोनवर म्हणतो आता हॉलंडमध्येच विका. विकला, काय करणार, मार्च अखेर होता आणि रेट पडलेला.

एक मुद्दा राहिला तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश. जुन्या लोकांना २०१० आठवत असेल, लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपने आपले कंटेनर अडवले होते, कित्येक घरं बसली तेव्हा. ड्युटी होती तेवढीच होती, फटका औषधाने दिला. ब्रिटन बाहेर पडल्यावर त्यांनी रेसिड्यूची स्वतःची यादी केली, म्हणजे आम्हाला दोन याद्या, एक युरोपची एक यूकेची, एखादं औषध इकडे चालतं तिकडे मर्यादा वेगळी. आम्ही सरसकट दोन्हीतली कडक मर्यादा धरतो आणि बागायतदाराला तेच शेड्यूल देतो. मग १९ मे २०२५ ला ब्रिटन आणि युरोपची पुन्हा बैठक झाली आणि खाण्यापिण्याच्या मालाचे नियम परत एकसारखे ठेवायच्या करारावर बोलणी करायचं ठरलं. ते झालं तर काय होईल बघा, ड्युटी लंडन ठरवणार आणि औषधाची यादी परत ब्रसेल्स. बाहेर पडून फिरून तिथेच. आम्हाला बरंच आहे म्हणा, एकच यादी सांभाळायची.

सातपूर टर्निंग

द्राक्षवाल्यांच्या गर्दीत मी एक लेथवाला. एमआयडीसीत छोटं युनिट आहे, मोठ्या कंपनीला पार्ट देतो, ती यूकेला पाठवते. इंजिनिअरिंगच्या मालावर तिकडे १८ टक्क्यांपर्यंत ड्युटी होती ती जाणार आहे, सगळ्या पार्टवर एवढी नव्हती पण ज्याच्यावर होती त्याला फरक पडेल. आमच्या साहेबांनी लगेच मीटिंग घेतली. पण त्यात दोन खुंट्या आहेत. पहिली, माल भारतात बनलाय हे सिद्ध करायला लागणार. आम्ही कच्चा माल म्हणून धातूचा बार चीनचा वापरतो काही पार्टला, स्वस्त पडतो, आता तो चालेल का नाही ते पार्ट बघून ठरणार आणि त्याचा कागद माझ्याकडून मागणार. माझ्याकडे अकाउंटला एक मुलगी आहे ती पण अर्धा दिवस येते.

दुसरी खुंटी कार्बन टॅक्स. ब्रिटन १ जानेवारी २०२७ पासून स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट वगैरेवर लावणार आहे आणि करारात आपल्याला त्यातून सूट नाही. एका हाताने ड्युटी काढली आणि दुसऱ्या हाताने... असो. तरी मी खूश आहे, खोटं का बोलू, कारण अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर २५ टक्के लावले आणि २७ तारखेपासून अजून २५, तिथे माल देणारे शेजारचे दोन युनिट ऑर्डर होल्डवर घेऊन बसलेत. एक दार लागत असताना दुसरं फटीएवढं उघडलं तरी चालतं.

नाना निफाडवाले

सगळ्यांचं वाचलं. पॅकहाऊसवाले हुशार आहेत पण ते सोसायटीचं उदाहरण अर्धंच बोलले. मी स्वतः सोसायटी सोडलेला माणूस आहे, २००३ साली. लोक हसले होते. सोसायटीत भाव ठरवायला मीटिंग, मीटिंगला कोरम नाही, कोरम झाला तर चेअरमन लग्नाला गेलेले, तोवर बागेत मणी सुकले. तुम्ही म्हणता ब्रिटनला नऊ वर्षं लागली. बरं, युरोपचं बघा. आपण युरोपियन युनियनशी बोलणी कधी सुरू केली? २००७ ला. २०१३ ला बंद पडली. २०२२ ला परत सुरू केली आणि २०२५ ला अठरा वर्षं झाली तरी सही झालेली नव्हती. सत्तावीस देशांचं एकमत करायचं म्हणजे चेष्टा आहे का. एकटं ब्रिटन जानेवारी २०२२ ला बसलं आणि मे २०२५ ला उठलं. सव्वातीन वर्षं. मग एकटा लवकर उरकतो हे मान्य करा की. भाव कमी मिळाला असेल, पण स्वतःच्या सहीने मिळाला, त्याची किंमत ज्याची त्याला.

मी सोडल्यावर पहिली दोन वर्षं मार खाल्ला हेही सांगतो. एक व्यापारी तर माल घेऊन गेला तो अजून येतोय. सोसायटीत असतो तर पैसे बुडाले नसते.

आणि दुसऱ्याच्या दाराचं एवढं काय बोलता, आपलं दार बघा. माझ्याकडे बागेबरोबर चार एकर कांदा असतो. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरला बंदीच घातली, मे २०२४ ला उठवली तर वरून ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के तसंच, ते पूर्ण गेलं एप्रिल २०२५ ला. लासलगावला लिलाव बंद पाडले होते पोरांनी. आता सांगा, समोरच्याने ड्युटी शून्य केली आणि आपल्याच घरातून कडी लागली तर तो कागद काय चुलीत घालायचा? गिऱ्हाईक एकदा पाकिस्तानकडे नाहीतर इजिप्तकडे गेलं की परत आणायला दोन सीझन जातात.

लेस्टरकर मूळ सिडकोची

नाना, कांद्याचं पटलं. इथल्या देशी दुकानात तेव्हा इजिप्तचा कांदा आला होता आणि तो अजून आहे.

पॅकहाऊसवाला

नाना मान्य. वेळेचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. फक्त एवढंच, तुम्ही सोसायटी सोडली तेव्हा तुमचा निम्मा माल सोसायटीतल्याच लोकांना विकावा लागत नव्हता. ब्रिटनचा जवळपास निम्मा व्यापार त्याच युरोपशी आहे, समुद्र ओलांडला की समोर तेच. सोडून जाणार कुठे?

नाना निफाडवाले

हा, ते वेगळं. बांधाला बांध असल्यावर भाऊबंदकी सुटत नाही.

कादवाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना चुलत्यांना मोबाईलवर सगळं वाचून दाखवलं. दक्षिण आफ्रिका आणि पेरूची ड्युटी आधीपासून नाही हे ऐकून जरा गप्प झाले, मग म्हणाले म्हणजे इतकी वर्षं आपणच येड्यासारखी भरत होतो का. हो म्हटलं. दहा रुपयांचं पुन्हा काढलं नाही पण दोन रुपयांवर अडून बसलेत, दोन तरी मिळतीलच म्हणतात.

प्लास्टिक कव्हर मात्र करायचंच ठरलं. म्हणतात करार गेला खड्ड्यात, पाऊस तर येणारच आहे, आणि माल झाकलेला असला की व्यापाऱ्याने आभाळाकडे बघून उपयोग नाही. यावर मला काही बोलता आलं नाही. एक एकराऐवजी अर्धा एकर, क्रिमसनच्या प्लॉटवर. कोणी गेल्या सीझनला टाकलं असेल तर वाऱ्यात किती टिकलं आणि आत भुरी रोगाचा त्रास वाढला का तेवढं सांगा, मी वेगळा धागा काढतो.

मिसळवाला सीबीएस

काढ काढ. आणि मेव्हणा विचारतोय वाइन द्राक्षाला पण टाकतात का ते.